तिसऱ्या शिक्षकासाठी बावीस महिने

माझी मुलगी दुसरीत असतानाची तिची गणिताची वही मी जपून ठेवली आहे. जुलै २०२२ ची. सतरा पानं भरलेली आणि एकाही पानावर लाल शाई नाही. वही तपासत नाहीत म्हणून मी रागाने शाळेत गेले होते, पण वर्गाच्या दारात उभी राहिले आणि बोलायचं राहूनच गेलं. बाई पहिलीतल्या एका पोराला हात धरून पेन्सिल फिरवायला शिकवत होत्या. फळ्यावर दुसरीची वजाबाकी होती. मधलं दार सताड उघडं होतं, कारण पलीकडच्या खोलीतली तिसरी, चौथी आणि पाचवीही तेव्हा त्यांच्याच अंगावर होती. मुख्याध्यापक सर तालुक्याला बैठकीला गेले होते. मुलं ६३, इयत्ता पाच, आणि त्या दिवशी शिकवायला माणूस एक.

आमची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा मराठवाड्यातल्या एका छोट्या गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण बाई आणि सर अजून तिथेच नोकरीला आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, बारावीपर्यंत शिकले आहे. सरकारी कागदांशी माझा संबंध तोवर रेशनकार्डापुरताच आलेला होता. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त वेळ लागतो. आम्हाला ऑगस्ट २०२२ ते जून २०२४ इतका लागला.

जुलैच्या शेवटी पालकसभेत नवी शाळा व्यवस्थापन समिती निवडली आणि मला अध्यक्ष केलं. ही समिती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत असावीच लागते. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधूनच आणि मुख्याध्यापक सचिव. आमच्याकडे तोवर समिती म्हणजे पोषण आहाराच्या हिशोबावर आणि चेकवर सही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत मी विचारलं, आपल्याकडे शिक्षक दोनच का?

सर म्हणाले, "ताई, पदंच दोन मंजूर आहेत."

"कुठं लिहिलंय?"

त्यांनी कपाटातून एक कागद काढला. वर लिहिलं होतं संचमान्यता. हा शब्द ज्यांना माहीत नसेल त्यांनी तो आधी पाठ करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला शाळेत जेवढा पट असेल त्यावरून शासन ठरवतं की या शाळेला शिक्षकांची किती पदं. कायद्याच्या शेवटी जोडलेल्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साधा हिशोब दिला आहे : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. आमचा आदल्या वर्षीचा पट ५८ होता, म्हणून दोन. यंदा ६३.

"मग यंदा तिसरं पद मिळणार?"

"आधार जुळले तर मिळेल," सर म्हणाले.

पट मोजताना नुसती हजेरीतली नावं धरत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ऑनलाइन नोंदीत असतं आणि ते आधारवरच्या माहितीशी तंतोतंत जुळावं लागतं. जुळलं तर मूल वैध. नाही जुळलं तर ते वर्गात रोज पहिल्या बाकावर बसत असलं तरी संचमान्यतेत धरलं जात नाही.

३० सप्टेंबरला पट ६३ नोंदला गेला. ११ ऑक्टोबरला सरांनी मला लॉगिन उघडून दाखवलं तेव्हा वैध मुलं होती ५७. सहा मुलं बाहेर. आम्हाला ६१ हवी होती, म्हणजे सहापैकी किमान चार.

मी घरी येऊन एका वहीत सहा पानं केली, एका मुलाला एक पान. कुठल्याही शाळेत हे करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच राहील : "आधारचा घोळ आहे" असं मोघम ऐकून घेऊ नका. प्रत्येक मुलाचं नेमकं काय जुळत नाही ते लिहून काढा. कारण आमच्या सहापैकी दोघांच्या आधारमध्ये काहीच चूक नव्हती. एका मुलीच्या ऑनलाइन नोंदीत लिंगाच्या जागी 'पुरुष' झालं होतं. दुसऱ्या एकाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेने वेगळं भरलं होतं. जनरल रजिस्टर काढून बघितलं, त्यात दोन्ही बरोबर. सरांनी एका संध्याकाळी बसून दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या. खर्च शून्य. ५९ झाली.

तिसरी मुलगी चौथीतली. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडली होती. आधार काढताना दाखला जवळ नसला की अशीच तारीख टाकली जायची, आणि गावात अशी एक जानेवारीला जन्मलेली माणसं पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढला, तालुक्याच्या आधार केंद्रावर ५० रुपये भरले. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी नंबर लागेपर्यंत केंद्राची वेळ संपली, तिसऱ्या खेपेला काम झालं. त्या तीन दिवसांत तिच्या आईची तीन दिवसांची मजुरी बुडाली. ती बाई एकदाही कुरकुरली नाही. मला मात्र ते अजून आठवतं आणि वाईट वाटतं. पहिल्या दिवशीच केंद्राला फोन करून विचारलं असतं तर निदान एक खेप वाचली असती.

चौथं आणि पाचवं मूल म्हणजे बहीणभाऊ, पहिलीत आणि तिसरीत. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. एरवी ही मुलं आजीकडे राहायची, पण त्या वर्षी आजी आजारी म्हणून दोघं बरोबर गेली. मी यादी बघितली त्याच्या तीनच दिवस आधी टोळी निघून गेली होती. मुलीचं आधार काढलेलंच नव्हतं. मुलाचं लहानपणी काढलेलं होतं, पण पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे राहिले होते आणि ते निष्क्रिय झालं होतं.

मार्चपर्यंत ते परत येणार नाहीत आणि तोवर आधार जुळवायची मुदत संपेल, असंच सगळे म्हणत होते. मग आधार केंद्रावरच्या मुलाने सहज बोलता बोलता सांगितलं की नोंदणी देशात कुठल्याही केंद्रावर होते, आपल्याच तालुक्यात यावं लागत नाही. मी मुकादमाचा नंबर मिळवला. त्याने आधी टाळाटाळ केली, कारण एक कोयता, म्हणजे तोडणी करणारं एक जोडपं, एक दिवस बंद राहिला की त्याचं नुकसान. चौथ्या फोनला मुलांच्या वडिलांशी बोलणं झालं. जन्माचे दाखले मूळ लागतात, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे दिले. ते दाखले तिथे पोचेपर्यंत मला झोप लागली नाही. डिसेंबरात त्यांच्या आईने दोन्ही पोरांना घेऊन कारखान्याजवळच्या गावातलं केंद्र गाठलं. मुलाचं दहा दिवसांत झालं, मुलीचा नवा क्रमांक यायला ४१ दिवस लागले. पहिल्या नोंदणीचे पैसे पडत नाहीत, आणि पाच वर्षांनंतरचे ठसे वेळेत दिले तर त्याचेही नाहीत. केंद्रवाला मागत असेल तर पावती मागा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वैध मुलं ६२ झाली. मुदती मध्ये वाढत गेल्या म्हणून आम्ही बसलो त्यात.

सहावा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याच्या जन्माची नोंदच कुठे नव्हती. तो जन्मला होता दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आणि जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद करावी लागते. आमच्या ग्रामसेवकांना ती करता येत नाही. वर्ष उलटून गेलं की उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि त्याआधी त्या गावच्या ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. त्याच्या आईला गावाचं नाव आठवत होतं, पण तिथे त्याच नावाची दोन गावं आहेत हे आम्हाला नंतर कळलं. ६२ झाल्यावर समितीतले एक सदस्य म्हणाले, "आता झालं की ताई आपलं काम." पद मिळवण्यापुरतं झालं होतं खरं. पण वहीतलं सहावं पान कोरंच होतं आणि ते पोरगं रोज माझ्या घरावरून शाळेत जायचं.

आता कागदांबद्दल. मार्च २०२३ मध्ये मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पहिला अर्ज लिहिला. सरांनी सही करायला जरा मागेपुढे केलं आणि ते मी समजू शकते. ते नोकरदार आहेत, त्यांचं प्रत्येक पत्र केंद्रप्रमुखांमार्फत जातं. मग लक्षात आलं की अध्यक्षाला तसं बंधन नाही. समितीचा ठराव जोडून अध्यक्षाने एकट्याच्या सहीने थेट पत्र द्यावं, मुख्याध्यापकांना अडचणीत आणू नये. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. माझ्या पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नाही. महिन्याने गेले तर "असा अर्ज दिसत नाही" असं उत्तर मिळालं. तो महिना वाया गेला.

तसा तो महिना विस्कळीतच होता. १४ ते २० मार्चला जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला, शाळा बंद राहिल्या. त्याच आठवड्यात, १७ मार्चपासून, एसटीत महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. कुणाला ही बारीक गोष्ट वाटेल, पण मी त्यानंतर तालुक्याला एकोणीस फेऱ्या मारल्या आणि जिल्ह्याला चार. पूर्ण तिकिटात त्या सगळ्या मारल्या असत्या की नाही, मला खात्री नाही.

दाद मागायला लोकप्रतिनिधीही नव्हता. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक होते. सदस्य असते तर निदान कुणाच्या दारात जायचं ते कळलं असतं.

जून उजाडला, मुलगी तिसरीत गेली, शिक्षक दोनच. संचमान्यता झाली की नाही हे कुणी नीट सांगेना. १७ जुलै २०२३ ला मी माहितीचा अधिकार वापरला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मनातली सगळी खदखद त्यात लिहायची नाही. मी दोनच गोष्टी मागितल्या : आमच्या शाळेच्या २०२२-२३ च्या संचमान्यतेची प्रत, आणि त्यानुसार मंजूर, कार्यरत व रिक्त पदांची संख्या. "का" असा प्रश्न विचारू नये. माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही. ३० दिवसांची मुदत असते, मला ११ ऑगस्टला उत्तर आलं. दर पानाला दोन रुपये.

मंजूर ३, कार्यरत २, रिक्त १.

एसटी स्टँडच्या बाकावर बसून मी तो आकडा कितीदा वाचला असेल. डोळे भरून आले. पण पद मंजूर होऊनही वर्गात उभं राहायला माणूस नव्हता, आणि तो मिळायला त्यानंतर आणखी दहा महिने गेले.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती प्रत वाचून दाखवली. बरेच जण म्हणाले, शाळेला कुलूप ठोकू. काही तरुण म्हणाले, पोरं ट्रॅक्टरमध्ये घालू आणि पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवू, पेपरात फोटो येईल, आठ दिवसांत शिक्षक मिळेल. आजूबाजूला असं झालेलं आहे आणि शिक्षक मिळालेलेही आहेत, त्यामुळे त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा विरोध दोन कारणांनी होता. कुलूप लावलं की पहिले बुडणार ते बाईंच्या दोन खोल्यांतले तास, आणि तेवढेच आमच्याजवळ होते. शिवाय असा तातडीने मिळालेला शिक्षक बहुधा शेजारच्या शाळेतून उचललेला असतो. ग्रामसभेने शेवटी ठराव केला आणि मला तीन महिन्यांची मुदत दिली. त्या रात्री घरी आले तेव्हा पोटात गोळा होता. तीन महिन्यांत काही झालं नाही तर कुलूप माझ्या हाताने लावावं लागणार होतं.

तोवर सोय म्हणून गावातली डी.एड. झालेली एक मुलगी पहिलीचा वर्ग घ्यायला तयार झाली. ती स्वतः शिक्षक भरतीची वाट बघत होती. शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून, म्हणजे ३१ ते १०० पटाला वर्षाचे २५,००० रुपये असतात त्यातून, तिला मानधन देता येत नाही. ते पैसे दुरुस्ती, वीजबिल, खडू, स्वच्छता अशा खर्चाचे. म्हणून लोकवर्गणी केली, महिना ३,००० रुपये. दोन महिने वर्गणी पुरली नाही तेव्हा तिने काही न बोलता दोन हजारांवर काम केलं. पुढे आमच्या शाळेचं जे काही टिकलं त्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

१ सप्टेंबरला मी कलम ३२ खाली तक्रार दिली. हे कलम पालकांना फारसं माहीत नसतं. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यांनी म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीत मी कलम २६ चा आधार घेतला : शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. तीनपैकी एक रिक्त म्हणजे ३३ टक्के. बाकी मोठी भाषा काही नाही, दीड पान मजकूर. सोबत संचमान्यतेची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि बाई-सर त्या महिन्यात किती दिवस बैठकांना आणि ऑनलाइन कामाला गुंतले त्याची तारीखवार यादी. ती यादी मी शाळेच्या हालचाल रजिस्टरवरून केली होती आणि सुनावणीत सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच विचारले गेले.

त्याच महिन्यात समूह शाळांची बातमी आली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणायचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले दिले जात होते. आमचा पट ६३, आम्हाला थेट धोका नव्हता. पण अडीच किलोमीटरवरच्या वाडीच्या शाळेत ११ मुलं आहेत. समितीच्या बैठकीत एकाने सुचवलं, ती ११ आपल्याकडे आली तर पट ७४ होईल, मग दोन-चार मुलांच्या आधारसाठी पुन्हा असं धावायला नको. कागदावर बरोबर होतं. मी त्या रात्री त्याचा खरंच विचार केला, हे कबूल करते. पण वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात मोठी माणसंही थांबतात. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम ज्या कायद्याखालचा आहे, त्याच कायद्याचं बोट धरून मी भांडत होते. आपल्या फायद्याची कलमं तेवढी घ्यायची, हे माझ्याने झालं नाही. आम्ही तो विषय ठरावात घेतला नाही. वाडीच्या पालकांना आमच्या अर्जाची एक कोरी प्रत मात्र दिली.

तक्रारीचा निर्णय ७४ व्या दिवशी आला : भरती होईपर्यंत एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर देण्यात यावा. ग्रामसभेची मुदत संपायला तेव्हा एक दिवस उरला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते प्रतिनियुक्तीवरचे सर आले. चांगले होते, तिसरी-चौथीला अपूर्णांक त्यांनी काड्या आणि भाकरीच्या तुकड्यांनी शिकवले. जानेवारीच्या मध्यावर त्यांच्या मूळ शाळेने त्यांना परत मागितलं आणि ते गेले. मला राग धरता येईना, कारण ती शाळाही दोनशिक्षकीच होती. निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला होता, त्याच्या यादीतही आमच्या शाळेचं नाव लागलं. यायला कुणी तयार झालं नाही. शेवटची एसटी साडेपाचला असते.

२३ जानेवारी २०२४ पासून राज्यभर मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं आणि बाई-सर दोघंही घरोघरी माहिती भरायला गेले. ते दहा-बारा दिवस आमची वर्गणीवाली मुलगी आणि समितीतल्या आम्ही चार आया, अशी शाळा चालली. मी पाढे घेतले. पाच इयत्ता समोर बसल्यावर काय होतं ते मला त्या दिवसांत उमगलं, आणि जुलै २०२२ मध्ये दारातूनच परत फिरले ते बरं झालं असं वाटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस पवित्र पोर्टलवर शिक्षक भरतीची निवड यादी लागली. आमच्या डी.एड.वाल्या मुलीचं नाव आलं, दुसऱ्या जिल्ह्यात. ती पेढे घेऊन आली तेव्हा मला आनंद आणि धास्ती एकदमच वाटली. आमच्या जिल्ह्याची कागदपत्रं तपासणी सुरू असतानाच १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आमच्याकडच्या पदस्थापना अडकल्या. त्याच्या आदल्याच दिवशी, १५ मार्चला, संचमान्यतेचे निकष बदलणारा शासन निर्णय निघाला होता. नवं पद मंजूर व्हायला लागणारा पट त्यात वाढवला आहे. म्हणून हे वाचून जे कामाला लागतील त्यांनी माझं ६१ चं गणित जसंच्या तसं धरू नये, आधी शासनाच्या संकेतस्थळावरून चालू निर्णय काढून वाचावा. आमचं पद आधीचं होतं, तरी मी ते आठवडे धास्तीत काढले. दर सोमवारी शिक्षणाधिकारी कार्यालयात फोन करायचे. तिथले एक लिपिक शेवटी शेवटी माझा आवाज ओळखून आधीच सांगायचे, "ताई, अजून नाही."

४ जूनला निकाल लागला, आचारसंहिता उठली. त्यानंतर समुपदेशन झालं. समुपदेशनात उमेदवार रिक्त जागांच्या यादीतून शाळा निवडतात. आमची शाळा त्या यादीत आहे ना, हे मी आदल्या दिवशी जाऊन बघून आले. ती नव्हती. जुन्या यादीत दोनच पदं दाखवली होती. माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतीची झेरॉक्स पिशवीत होती, ती पुढे केली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. सहा वाजता दुरुस्त यादी लागली. बावीस महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी ही खेप सांगेन.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवीन मॅडम रुजू झाल्या. विदर्भातल्या आहेत, वय सव्वीस. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मिळणार, त्यात खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे. गावातल्या एका आजींनी भाडं न घेता खोली दिली. पहिली-दुसरी आता त्यांच्याकडे आहे, तिसरी-चौथी बाईंकडे, पाचवी आणि कार्यालय सरांकडे. सर बैठकीला गेले की पाचवी अजूनही बाईंच्या खोलीत येऊन बसते. माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वहीत लाल शाई दिसते, आणि तिसरीत कच्ची राहिलेली हातच्याची वजाबाकी मी घरी घेते आहे.

सगळा मिळून माझा खर्च ३,८०० रुपयांच्या आसपास झाला, त्यातले निम्म्याहून जास्त एसटीचे आणि झेरॉक्सचे. लोकवर्गणी वेगळी.

समितीची मुदत दोन वर्षांची, ती जुलै २०२४ मध्ये संपली. नवीन अध्यक्षांना मी फाइल दिली : पोच असलेले अकरा अर्ज, ठरावांच्या प्रती, संचमान्यता, फोन नंबरांची वही. सहाव्या मुलाचं काम अजून चालू आहे. त्याच्या जन्मगावच्या ग्रामपंचायतीने नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला देईपर्यंत वर्ष गेलं. ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आणि असे आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून मिळायची वाट झाली, त्यामुळे कोर्टाऐवजी तहसीलच्या खेपा सुरू झाल्या. मे महिन्यात आदेश हातात आला, जुलैत जन्माचा दाखला, आणि मागच्या मंगळवारी मी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन आधार केंद्रावर गेले. बोटांचे ठसे देताना तो घाबरला होता, मग मशीनचा दिवा हिरवा झालेला बघून हसला. तो आता चौथीत आहे. नोंदणीची पावती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे आणि नवीन अध्यक्षांना सांगून ठेवलं आहे, ३० सप्टेंबरच्या आत क्रमांक आला की नाही ते दर आठवड्याला बघा.